ताटामागचा लाल ठिपका

वहिनी, डिस्पोजल मी मागवलं होतं. तुमच्या निखिलने नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही बोलायला माझं तोंड उघडायचं नाही.

तुमच्या तेराव्याला! कागदाच्या थाळ्या, प्लास्टिकचे ग्लास, प्लास्टिकचे चमचे, भला मोठा खोका. बाराव्या दिवशी सकाळी दुकानाचा माणूस तो तुमच्याच ओसरीत ठेवून गेला, तुमच्या हिरव्या कपाटाला टेकून. ज्या कपाटात आपल्या गल्लीची सव्वाशे स्टीलची ताटं आहेत, त्याला टेकून. मी पटकन त्या खोक्यावर चादर टाकली. कोणापासून लपवत होते कोण जाणे. तुम्ही तर फोटोत जाऊन बसला होतात, हार घालून.

तीस वर्षं एका घरात काढली आपण. तुम्ही खाली, मी वर, मध्ये जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसभर वर येणारा तुमचा आवाज. "मंदेऽ, सुक्या डब्यात ओली चहापत्ती कोणी टाकली गं?" लग्न करून सुदामा नगरात आले तेव्हा मला वाटलं होतं मोठी जाऊ मिळाली. मिळाला कचऱ्याचा दरोगा. तोंडावर म्हटलं होतं मी तुम्हाला हे, एकदा नाही, दहादा, आणि तुम्ही हसून माझाच डबा उलटा करून दाखवायच्यात.

अख्खं इंदूर कचरा वेगळा करतं. गाडी येते, गाणं वाजतं, ओला इकडे, सुका तिकडे, गाडीवाल्या भियाला राम राम, झालं. सगळ्यांना तेवढं पुरतं. तुम्हाला नाही पुरलं. "गाडी घेऊन गेली म्हणजे कचरा संपला का? दुसऱ्याच्या दारात गेला फक्त." मी म्हणायचे, अहो, स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर येतोय, आता तुम्हाला अजून काय पाहिजे? "डबा रिकामा पाहिजे." बस.

सेव आणायला डबा, दही आणायला डबा. रविवारी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर सगळं जग कागदात पोहे घेऊन उभं, आणि तुम्ही पिशवीतून घरची प्लेट काढून पुढे करणार, "भिया, इसमें दो." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगू? मी चोरून नमकीनची पाकिटं आणायचे आणि रिकामं पाकीट पर्समध्ये घालून शाळेत नेऊन टाकायचे. पन्नाशी उलटलेली मास्तरीण, वर्गात मुलांना शिस्त शिकवणार, आणि पर्समध्ये सेवचं पाकीट लपवून फिरणार. तुम्हाला ते माहीत होतं की नाही, हे आता कोणाला विचारू?

आणि मग ती ताटं आली. गल्लीत कोणाकडे तरी कार्य झालं होतं, सकाळी कोपऱ्यावर थर्माकोलचा ढीग. तुम्ही तिथे पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिलात, आणि तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी भानगड होणार. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दारोदार. "तुमच्या माळ्यावर लग्नात आलेली ताटं पडली असतील ना, नावं घातलेली? ती द्या." आणि खरंच पडलेली होती हो सगळ्यांकडे! गोणपाटात गुंडाळलेली, कधी न वापरलेली, मागे नाव घातलेली. कुणाचं मामाकडून, कुणाचं ऑफिसच्या मंडळींकडून, कुणाचं अजून हिंदीत, "सप्रेम भेंट". पंगतीत पोरं जेवण झाल्यावर आपापली ताटं उलटी करून नावं वाचायची, आपण कोणाच्या ताटात जेवलो ते.

नियम एकच. घेऊन जा, धुऊन पुसून परत आणा. बारसं, मुंज, सत्यनारायण, वाढदिवस, सगळीकडे जायची ती ताटं. तेराव्यालाही जायची.

इथेच आपलं बिनसलं.

ते वर्ष आठवतं ना? तुम्ही मोतीबिंदूसाठी निखिलकडे बंगलोरला गेला होतात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मागच्या गल्लीतून तेराव्याची चाळीस ताटं परत आली. स्वच्छ होती, काही म्हणायला जागा नव्हती. तरी मी ती पुन्हा धुतली. पुन्हा पुसली. आणि तरी ती बाकीच्या चवडीवर ठेवायला माझा हात होईना. शेवटी वरून माझ्या ऋचाची लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक ताटामागे एकेक ठिपका दिला. गमीची वेगळी, शुभकार्याची वेगळी.

तुम्ही आलात, डोळ्यांना ते काळ्या चष्म्याचं लफडं, आणि तरी पहिलंच ताट उचलून उलटं केलंत. ऑपरेशन झालं होतं की दुर्बीण बसवून आला होतात, देव जाणे.

"हे काय?"

"खूण आहे."

"कसली?"

"गमीची. वेगळी ठेवायची. गल्लीतल्या बायका म्हणतात."

"कोण बायका? नाव सांग."

तुम्ही कधी नाव विचारत नाही, त्या दिवशी विचारलंत. समोरच्या गच्चीवर मालतीभाभी पापड वाळत घालत होत्या. मी बोलून गेले, "मालतीभाभी म्हणत होत्या."

तुम्ही समोर बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मग जे सुरू केलंत! तेराव्याला गोड करतात, सुतक संपून माणसं पुन्हा जगायला लागतात, तो दिवस अशुभ कसा? माणूस मेलं म्हणून त्याच्या घरचं ताट बाटलं का? मग दवाखान्यातली भांडी बघ, कुठे कुठे ठिपके देशील? मी पण गप्प बसले नाही. म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही सांगून मोकळ्या, गल्लीतल्या बायकांच्या मनातली भीती तुमच्या भाषणाने जाते का? लोकांनी ताटं नेणं बंद केलं तर परत थर्माकोलच येणार ना? तुम्ही आत गेलात आणि थिनरची बाटली आणि जुना मोजा घेऊन ओसरीत बसलात. चाळीस ताटं. मी वरून बघत होते. खाली आले नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस आपण यांच्यामार्फत बोललो. "वहिनीला सांगा दूध उतू जातंय." "मंदाला सांग, माझं मी बघते." बिचारे हे, दोन जावांच्या मध्ये पोस्टमन झाले होते.

पुढच्याच महिन्यात ऋचाचा साखरपुडा, घरीच, अंगणात. एक दिवस तुम्ही जिन्यात उभ्या राहून, माझ्याशी थेट, म्हणालात, "साखरपुड्याला पत्रावळी मागवू या. मानपूरकडे एकजण पळसाच्या करतो. चांगल्या दिसतात आणि नंतर सगळ्या माझ्या खताच्या मटक्यात जातील." मला हायसं वाटलं, पण माझी जीभ कुठली गप्प बसतेय! भर पाहुण्यांत मी म्हटलं, "बघा हो, सगळ्या गल्लीला ताटांचं ज्ञान देतात, आणि घरच्या कार्याला पत्रावळी!" सगळे हसले. तुम्ही पण हसलात. पदर तोंडाला लावून, छान हसलात. ते हसणं लक्षात ठेवा वहिनी, मी परत येते त्याच्याकडे.

आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पुढचे दहा दिवस आपल्या घरात चूल नाही. रोज दोन्ही वेळा जेवण कोण आणत होतं माहीत आहे? मालतीभाभी. स्टीलच्या डब्यात, पोळ्या फडक्यात बांधून, तुम्ही लावलेली सवय. घरी मुलीचं लग्न तोंडावर, हळदीची तयारी चाललेली, आणि ही बाई सुतकाच्या घरात उंबरठा ओलांडून आत येते, माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "थोड़ा तो खा लो, मंदाजी." त्या गेल्या की मी अर्धी पोळी तशीच ठेवायचे. तुमच्या दुःखाने, हो. पण खोटं कशाला बोलू, नुसत्या तुमच्या दुःखाने नाही.

अकराव्या दिवशी निखिल म्हणाला, "काकू, तेराव्याला आईचीच ताटं काढू ना? तिला बरं वाटेल." इतकं साधं बोलला तो. आणि मी, तुमची धाकटी जाऊ, तीस वर्षं तुमचं मीठ खाल्लेली, म्हणाले, "नको रे. मालतीभाभींकडे हळदीला हीच ताटं जायची आहेत. त्यांना नाही चालत गमीची. मी डिस्पोजल मागवते."

तेच खोटं. दुसऱ्यांदा. आणि ह्या वेळी तुमच्या फोटोसमोर उभं राहून.

ती रात्र आणि दुसरी सकाळ मी स्वतःशी भांडले. ताटं काढावीत तर मालतीभाभींसमोर पितळ उघडं पडेल, निखिलला कळेल की काकूने भल्या बाईचं नाव पुढे केलं. नाही काढली तर तुम्हाला मी प्लास्टिकच्या चमच्याने निरोप देणार. आणि चादरीखाली तो खोका. ओसरीतून जाताना मी त्याच्याकडे न बघता जायचे, जणू आत कोणी बसलंय.

बाराव्याच्या दुपारी निखिलने ती चादर उचलली. खोका बघून त्याचा चेहरा असा काही झाला, वहिनी, अगदी तुमच्यासारखा, कोपऱ्यावरच्या ढिगाजवळ तुमचा झाला होता तसा. म्हणाला, "काकू, मला नाही जमत. मी मालती आंटींना सरळ विचारून येतो. नाही म्हणाल्या तर नाही."

"थांब!" मी ओरडलेच. "अशा दिवसांत लोकांच्या दारात जाऊन विचारतात का? मी बोलते, मी जाते."

"तुम्ही कशाला? समोरच तर आहेत." आणि चपला घालून गेला पण.

मी ओसरीत उभी. समोर त्यांचं फाटक उघडलं, निखिल आत गेला. किती वेळ गेला माहीत नाही. स्वयंपाकघरात पाणी वाहत होतं आणि मला नळ बंद करायला जाववेना. तुम्ही असतात तर ओरडला असतात. मग दोघं येताना दिसले. मालतीभाभींचे हात पिठाचे होते, तशाच आल्या होत्या. निखिल माझ्याकडे बघत नव्हता.

"मंदाजी," त्या म्हणाल्या, "मैंने कब मना किया?"

वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, ओसरीच्या खांबाला धरून उभी.

"मेरी सास की तेरहवीं इन्हीं थालियों में हुई थी। मैं क्यों मना करूँगी?"

म्हटलं, "भाभी, ते मी... ती भीती माझी होती. ऋचाचा साखरपुडा होता. मी तुमचं नाव घेतलं." एवढंच. एवढं म्हणायला मला दोन वर्षं लागली होती.

त्या रागावल्या का? थोड्या. चेहरा कडक झाला होता, हक्क होता त्यांचा. पण मग त्या तुमच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "मुझे पता है। नलूजी वो लाल निशान मिटाकर उसी शाम आई थीं मेरे पास, लड़ने के लिए। मैंने कहा, मैंने तो कुछ बोला ही नहीं। तो बैठ गईं। फिर बोलीं, मंदा से मत कहना। उसकी लड़की की सगाई है, डरी हुई है बेचारी।"

वहिनी!

त्याच संध्याकाळी? म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? आणि पुढच्या महिन्यात जिन्यात उभ्या राहून पळसाच्या पत्रावळी, मानपूरहून, म्हणजे ऋचाच्या साखरपुड्याला तेराव्याची ताटं माझ्या डोळ्यासमोर यायला नकोत म्हणून? आणि मी भर पाहुण्यांत तुम्हाला टोमणा मारला आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. माझ्या टोमण्याला नव्हतात हसत. मी किती मूर्ख आहे, त्याला हसत होतात.

खरं सांगू? त्या क्षणी मला तुमचा राग आला. भयंकर. कचऱ्याच्या डब्यात एक चहापत्ती चुकीची पडली तर मला जिन्यातून हाका मारायच्यात, आणि एवढं मोठं खोटं पोटात ठेवून दोन वर्षं माझ्याशी शेंगदाणे सोलत बसलात? ओरडायचं होतं ना. एकदा ओरडला असतात तर तेव्हाच संपलं असतं, मी रडले असते, तुम्ही चहा टाकला असतात. आता मी कोणाशी भांडू? फोटो उत्तर देत नाही आणि हे बिचारे म्हणतात, जाऊ दे आता.

तुमची माया ही अशीच, माणसाला सुखाने रागावू पण द्यायची नाही.

खोका निखिलने दुकानात परत नेऊन दिला. तेराव्याला ताटं निघाली, सगळी, मी स्वतः काढली. वरण-भात, पुरी, भाजी, गोड बुंदीची नुक्ती. मागच्या गल्लीतल्या दोघी जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या, एकादशी नव्हती हे त्यांना पण ठाऊक आणि मला पण. त्यातली एक जाताना आपलं दिलेलं ताट मागून घेऊन गेली. मी दिलं. तुमच्यासारखं भाषण नाही मला जमलं. मालतीभाभी मात्र पंगतीत बसल्या, जेवल्या, आणि नंतर माझ्या शेजारी नळावर बसून ताटं धुतली. आम्ही फार बोललो नाही. त्यांना लागलंय, वहिनी. ते एका दिवसात जाणार नाही. मी वाट बघीन.

ताटं पुसताना एकावर कडेच्या खाली लाल रंग दिसला, तिळाएवढा. थिनर घासताना तुमच्या हातून सुटला असेल, किंवा तेव्हा डोळ्यांना दिसला नसेल. मी तो नखाने खरवडून काढला.

मग कपाट लावताना एक ताट जास्त ठेवलं. तुमचं. रोजचं, कडेला पोचा आलेलं, मागे बारीक अक्षरात नाव घातलेलं, "नलिनीस, आईकडून." निखिलला विचारलं, तू नेतोस का? म्हणाला, "आईने काय केलं असतं?" मी म्हटलं, कपाटात ठेवलं असतं. ठेवलं.

आज मालतीभाभींकडे हळद होती. लग्न परवा मॅरेज गार्डनमध्ये आहे, पण आजचं जेवण घरच्या अंगणात. मी जाणार नव्हते. आपल्या घरात नुकतंच झालेलं, अशा वेळी कोणाच्या हळदीला जायचं नसतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. मालतीभाभी स्वतः आल्या. "नलूजी की थालियाँ आ गईं और आप नहीं आएँगी?" गेले. कोपऱ्यात बसले, बाकीच्यांच्या मागे.

पंगत मांडली. नवरी मध्ये बसली, हळद अंगावर अजून ओली, हसतेय, मैत्रिणी चिडवतायत. वाढणाऱ्या मुलीने चवडीतलं वरचं ताट उचलून नवरीपुढे ठेवलं. मी पोचा ओळखला. नवरीने सवयीने ताट उलटं करून नाव वाचलं. "ये किसका है? मराठी में लिखा है, नलिनीस..."

वहिनी, माझा हात पुढे गेला. ते ताट ओढून घ्यायला. खरंच सांगते, गेला. तुम्हाला जाऊन अजून महिना नाही झाला, आणि तुमचं ताट हळदीच्या मुलीपुढे. मालतीभाभींनी माझा हात बघितला. नुसत्या बघत राहिल्या, मी काय करते ते.

मी पुढे गेलेल्या हाताने शेजारची पुऱ्यांची परात उचलली.

"आपकी नलू आंटी का है, बेटा," मी म्हटलं. "उनकी माँ ने दिया था।" आणि तुमच्या ताटात तिला पहिली पुरी मी वाढली.